वाचकांचे प्रश्न : स्पॅनिश चित्रकार दिएगो व्हेलास्केझ

प्रश्न : व्हेलास्केझ ३७ वर्षं स्पेनच्या दरबारी होता. मग त्याची चित्रं सव्वाशेच्या आसपासच कशी?

उत्तर : संथ तो होताच, राजा चौथा फेलिपेही त्यावरून कुरकुरायचा. पण खरं कारण नोकरीत आहे. १६२३मध्ये त्याला महिना २० डुकाट (तेव्हाचं नाणं) पगारावर नेमलं, चित्रांचे पैसे वेगळे. पुढे तो दरबारी पदांची शिडी चढत गेला. १६५२मध्ये राजवाड्याचा मुख्य व्यवस्थापक झाला : झाडलोट, राजाच्या प्रवासात मुक्कामाची सोय, सगळं त्याच्याकडे. १६६०मध्ये राजकन्या मारिया तेरेसा फ्रान्सचा राजा चौदाव्या लुईला दिली, तेव्हा दोन्ही देशांच्या सीमेवरच्या बिदासोआ नदीतल्या बेटावरचा स्पॅनिश मंडप त्यानेच सजवला. जूनअखेर माद्रिदला परतला आणि ६ ऑगस्टला वारला. काही चित्रं १७३४च्या राजवाड्याच्या आगीतही गेली.

प्रश्न : माद्रिदच्या प्राडो संग्रहालयातल्या फेलिपेच्या अश्वारूढ चित्रात घोड्याच्या मागच्या पायांजवळ जादा पाय दिसतात. दुरुस्ती बिघडली आहे का?

उत्तर : नाही. व्हेलास्केझ आधी कच्चं चित्र पक्कं करून मग रंगवायला बसत नसे. बदल थेट कॅनव्हासवरच करायचा. पाय हलवला की जुन्या पायावर पातळ रंग फिरवायचा. तेव्हा तो झाकला गेला. पण तैलरंगातला शिशापासून केलेला पांढरा रंग तेलाशी हळूहळू संयोग पावतो, शिवाय तेलही जुनं होताना प्रकाश जास्त वाकवतं. दोन्हींमुळे वरचा थर पारदर्शक होत जातो आणि खालचा गडद पाय वर उमटतो. थर जितका पातळ तितकं हे लवकर होतं. व्हेलास्केझचे थर पातळच, म्हणून त्याच्या चित्रांत हे फार आढळतं. असे पाय पुन्हा रंगवून बुजवणं म्हणजे चित्रकाराचा विचारच पुसणं, त्यामुळे जाणते दुरुस्तीकार त्यांना हात लावत नाहीत.

प्रश्न : 'लास मेनिनास' या चित्रात व्हेलास्केझने स्वतःलाही काढलंय, त्यात त्याच्या छातीवर लाल क्रूस आहे. त्यावरून चित्राचं साल ठरतं का?

उत्तर : इथेच फसगत होते. चित्र १६५६चं, तर क्रूस सान्तियागो सरदारमंडळाचा, आणि तो मान त्याला नोव्हेंबर १६५९मध्ये मिळाला. म्हणजे क्रूस मागाहून काढलेला. तो राजाने स्वतः रंगवल्याची गोष्ट गोड आहे, पुरावा मात्र नाही. त्या मानासाठी कूळ उच्च असल्याचं आणि चित्रं विकून पोट भरत नसल्याचं साक्षीदारांकडून वदवावं लागलं. एवढं करूनही कुळाचा पुरावा अपुराच ठरला, शेवटी पोपची खास सवलत आणावी लागली.