ग्रुप प्रोजेक्टमध्ये सगळं मलाच करावं लागतं!

ठाण्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या केबिनमध्ये हल्ली परीक्षेपेक्षा ग्रुप प्रोजेक्टने झोप उडालेली मुलं जास्त येतात. कोर्स ऑनलाइन, ग्रुपमधली माणसं कधी न भेटलेली आणि तक्रार ठरलेली. सोबत आई असेल तर तीही सांगते, बाकीच्यांना काही पडलेलंच नाही, हिचे मार्क मात्र उगाच जातात.

अशाच एकीची ही गोष्ट, ओळख पटेल असे तपशील बदलून. ऐरोलीत आयटीतली नोकरी, जोडीला ऑनलाइन एमबीए. ग्रुप पाच जणांचा: ही, एक कळव्याचा, एक नाशिकचा, एक कोल्हापूरची आणि पाचवा व्हॉट्सअ‍ॅपवर फक्त निळ्या टिकांपुरता हजर.

"बाकीच्यांनी काहीच केलं नाही?"

"केलं असतं तर रात्री दोनपर्यंत जागले असते का, मॅडम?"

"लॅपटॉप आहे ना? ती फाइल उघड."

रिपोर्ट गूगल डॉक्समध्ये होता. तिथे व्हर्जन हिस्टरीत कोणी, कधी, काय लिहिलं आणि काय खोडलं हे नावानिशी, वेगवेगळ्या रंगांत दिसतं. तिने ती कधी उघडलीच नव्हती. बुधवारी संध्याकाळी नाशिकच्या मुलाने दीड पान लिहिलं होतं. त्याच रात्री एकच्या सुमारास तिने ते सगळं पुसून स्वतःचं लिहिलं. कोल्हापूरच्या मुलीच्या तक्त्याचीही तीच गत. त्यानंतर दोघांचे रंग फाइलमध्ये परत दिसलेच नाहीत.

"त्याचं इंग्रजी फार कच्चं होतं हो."

"असेल. त्याला सांगितलंस?"

"नाही. उगाच वाईट वाटेल म्हणून."

मी काहीच बोलले नाही. ती पुन्हा बुधवारच्या पानावर गेली, खाली आली, परत वर गेली. मग हळूच म्हणाली, "त्याच्या जागी मी असते तर मीही लिहिणं सोडलं असतं."

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या वाटेने काम करते: इच्छा ठेवायची, तिचा हट्ट होऊ द्यायचा नाही. चांगला रिपोर्ट व्हावा ही तिची इच्छा अगदी योग्य होती. 'माझ्या मनासारखाच झाला पाहिजे, नाहीतर सगळं संपलं' हा त्यावर चढलेला हट्ट तिला जागवत होता. तो उतरला की राग ओसरतो आणि नियोजनाला डोकं मोकळं होतं. तासभर समजावून जे होत नाही, ते फाइल उघडायला लावून पाच मिनिटांत होतं.

अर्थात, दोष एकट्या तिचा नव्हता. मॅक्स रिंगेलमान या फ्रेंच संशोधकाने 1913 मध्ये दोरखंड ओढण्याच्या प्रयोगांचे आकडे प्रसिद्ध केले. आठ जण मिळून ओढतात तेव्हा प्रत्येकाचा जोर एकट्याने ओढतानाच्या जेमतेम निम्मा, 49 टक्के भरला. थोडा जोर ताळमेळाअभावी वाया जातो, थोडा 'बाकीचे आहेतच की' म्हणून लावलाच जात नाही. पुढच्या प्रयोगांत प्रत्येकाचा वाटा वेगळा मोजला जातोय हे कळल्यावर हातचं राखणं जवळपास थांबलं. ऑनलाइन ग्रुपमध्ये करायचं ते एवढंच: वाटा दिसू द्यायचा.

पुढच्या प्रोजेक्टसाठी आम्ही आधी कामाचे तुकडे पाडले. 'मार्केट रिसर्च तू बघ' हे काम नव्हे. 'तीन स्पर्धकांच्या किमतींचा तक्ता, शुक्रवारी रात्री दहापर्यंत, याच फाइलमध्ये' हे काम. फाइल पहिल्या दिवसापासून एकच. पाच जणांच्या पाच वर्ड फाइल शेवटच्या रात्री जोडायला बसलं की फॉन्ट जुळत नाहीत, एकच मुद्दा तीनदा येतो, आणि जागरण होतं ते तिथे. दुसऱ्याचं लिखाण पुसायचं नाही, कॉमेंट टाकायची आणि दुरुस्तीला एक दिवस द्यायचा. त्यासाठी ग्रुपची डेडलाइन कॉलेजच्या तीन दिवस आधीची. मीटिंग रात्री साडेनऊला, सगळे घरी पोचल्यावर. ट्रान्स-हार्बरच्या लोकलमधून जॉइन होणारा माणूस नुसता नावाला असतो. फुकटच्या झूमची 40 मिनिटांची मर्यादा इथे पथ्यावरच पडते. शेवटची पाच मिनिटं कोण, काय, कधीपर्यंत हे लिहून ग्रुपवर पिन करायला.

सगळ्यात उपयोगी ठरलं ते पहिल्या तीन दिवसांतलं छोटं काम: विषयावर प्रत्येकी पाच ओळी. कोण गायब आहे हे शेवटच्या रात्री कळून उपयोग काय?

निळ्या टिकावाला याही वेळी ग्रुपमध्ये होता. त्याच्या पाच ओळी आल्या नाहीत. ग्रुपवर टोमणा न मारता तिने त्याला वेगळा फोन केला. त्याची कंपनीत नाइट शिफ्ट होती आणि साडेनऊची मीटिंग त्याला कधीच जमणारी नव्हती. त्याने दुपारी करायचं आकडेमोडीचं काम घेतलं, त्यातलं अर्धं दिलं. उरलेल्यासाठी तिने 48 तासांची मुदत लिहून कळवली. ती टळल्यावर चौघांच्या वतीने प्राध्यापकांना चार ओळींची मेल गेली: काय ठरलं होतं, कधीपर्यंत, काय आलं, आणि फाइलची लिंक. 'आळशी', 'बेजबाबदार' हे शब्द तिच्या पहिल्या मसुद्यात होते. ते तिनेच काढले.