शाफ्ट तुटला, पण अडचण टायरची

प्रश्न : माझी बारा वर्षं जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअप आहे, पिवळ्या पाटीची. मंडप-डेकोरेशनचं सामान मी स्वतः गाडी चालवून मुरबाड-शहापूरकडे नेतो. कच्च्या रस्त्यासाठी कुर्ल्याच्या एका गॅरेजात गाडी दोन इंच उचलून घेतली, मोठे टायर टाकले. मग प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सची ताकद चाकांकडे नेणारा फिरता दांडा) आखूड पडायला लागला, म्हणून त्यांनी तो कापून, मध्ये पाइप वेल्ड करून वाढवला. १८,५०० रुपये यूपीआयने दिले. कच्च्या पावतीवर ‘कस्टमरच्या जबाबदारीवर’ असं लिहिलंय. तेव्हापासून साठच्या वर गाडी थरथरायची. तीनदा व्हॉट्सॲप केलं, “सेट होईल” म्हणाले. गेल्या आठवड्यात विक्रोळीजवळ हायवेवर शाफ्ट तुटून पडला आणि मागच्या कारचा बंपर, रेडिएटर गेला. लागलं कुणाला नाही. कारवाला ४०,००० मागतोय, गॅरेजवाला ओळखही दाखवत नाही. पुढच्या महिन्यात गाडीची फिटनेस तपासणी आहे. शाफ्टमध्ये बदल करणं गुन्हा आहे का? पैसे कोणी द्यायचे?
– भांडुपचे एक वाचक

उत्तर : आधी मला सांगा, तुटलेला शाफ्ट आहे कुठे? एवढं सगळं लिहिलंत, तेवढंच राहिलं. भंगारात दिला नसेल तर आजच गोणपाटात बांधून घरात ठेवा. गॅरेजविरुद्धची तुमची अर्धी केस त्या लोखंडात आहे.

कारण असं. शाफ्टच्या दोन्ही टोकांना क्रॉस, म्हणजे कोनातही फिरू शकणारा सांधा असतो. क्रॉस कोनात फिरला की शाफ्टचा वेग दर फेऱ्यात दोनदा कमीजास्त होतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस तो चढउतार पुसून टाकतो, पण शाफ्टवरचे दोन्ही योक (क्रॉसला धरणारे दुहाती तुकडे) एका रेषेत असतील आणि दोन्हीकडचे कोन सारखे असतील तरच. गाडी उचलली की कोन वाढतो. त्यात पाइप वेल्ड करताना योकची रेष सरकली, किंवा नंतर बॅलन्सिंग केलंच नाही, तर थरथर हमखास येते आणि वेल्ड थकत जाते. योकची रेष आणि वेल्डमधला तडा, दोन्ही चार्टर्ड इंजिनिअरला तपासता येतात. त्याचा लेखी अहवाल घ्या, फोटोसकट.

आता गुन्ह्याचं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की आरसीवरचा (नोंदणी प्रमाणपत्रावरचा) तपशील उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करायचा नाही. केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये हेच ठामपणे सांगितलं. मात्र त्याच कलमात ‘बदल’ म्हणजे गाडीचं मूळ स्वरूप पालटणारा रचनेतला बदल, असा खुलासा आहे. प्रोपेलर शाफ्टची लांबी आरसीवर नसते. नुसता शाफ्ट बदलला असता तर मी या कलमाची फारशी काळजी केली नसती.

टायर मात्र वेगळे. मालवाहू गाडीच्या नोंदणीत टायरची संख्या आणि माप असतं. तुमची आरसी काढा आणि टायरच्या कडेवरचा आकडा तिच्याशी ताडून पाहा. जुळत नसेल तर प्रश्न तिथून सुरू होतो. कलम १८२-अ(४)खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून फिटनेसआधी मूळ मापाचे टायर, मूळ उंची आणि त्या मॉडेलचा तयार शाफ्ट, तिन्ही परत आणा. पण विमा कंपनीचा सर्व्हेअर गाडी पाहून जाईपर्यंत कशालाही हात लावू नका.

तुमचे व्हॉट्सॲप मेसेज दुधारी आहेत. गॅरेजला दोष ठाऊक होता हे त्यातून दिसतं, आणि तुम्हालाही ठाऊक होता हेही दिसतं. धोकादायक दोष माहीत असून गाडी चालवली आणि त्यातून कुणाच्या मालमत्तेचं नुकसान झालं, तर कलम १९० लागू शकतं. तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. तरीही एकही मेसेज पुसू नका. पुसलेला मेसेज गॅरेजवाल्याच्या फोनमध्ये असतोच, आणि मग उत्तरं देता देता तुमचीच दमछाक होईल.

कारवाल्याला रोख काही देऊ नका, कबूलही करू नका. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय देणं मान्य करायचं नाही, ही पॉलिसीतलीच अट असते. कंपनीला आज लेखी कळवा. तृतीय पक्षाचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याच्या केलेल्या नुकसानीचा विमा सक्तीचा आहे आणि तो नाकारायला कलम १५०मध्ये मोजकीच कारणं आहेत. त्यातलं एक, महत्त्वाची माहिती लपवणं. म्हणून लिफ्ट-टायरचं काम पॉलिसी नव्याने घेण्याआधीचं की नंतरचं, तारीख तपासा. आधीचं असेल तर कंपनी वाद घालणार हे धरून चाला. तुमच्या शाफ्टचे पैसे विम्यातून मिळायची आशा सोडा, यांत्रिक मोडतोड पॉलिसीतून वगळलेली असते.

ते गॅरेजकडूनच काढायचे. पंधरा दिवसांची नोटीस पाठवा आणि पैसे आले नाहीत तर वांद्र्याच्या उपनगर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करा. गॅरेजचा वकील म्हणेल, गाडी धंद्याची, म्हणजे हे ग्राहकच नाहीत. स्वतः गाडी चालवून पोट भरणारा माणूस कायद्याच्या दृष्टीने ग्राहकच असतो, मात्र हे तुम्हाला दाखवावं लागेल. म्हणून तुमचा लायसन्स आणि सामान नेल्याची चार-पाच बिलं तक्रारीला जोडा. ‘कस्टमरच्या जबाबदारीवर’ या शेऱ्याला घाबरू नका, कच्चं काम त्याने पक्कं होत नाही. पावती कच्ची असली तरी यूपीआयची नोंद आहे.

आणि नोटीस पोचल्यावर गॅरेजवाला फोन करून म्हणेल, “आणा साहेब, फुकटात नवा वेल्ड मारून देतो.” गाडी नेऊ नका. निदान तो शाफ्ट तरी त्याच्या हातात देऊ नका.