कंत्राटदार अर्धं काम टाकून गेला, दुसऱ्याकडून करून घेऊ का?

प्रश्न : नाशिकला आमचा जुना फ्लॅट आहे. यजमानांच्या निवृत्तीच्या पैशांतून स्वयंपाकघर आणि दोन बाथरूम नव्याने करायला घेतली. ७ लाख ८० हजारांना काम ठरलं. व्हॉट्सअ‍ॅपवर कोटेशन आहे, करारपत्र नाही. ४ लाख बँकेतून आणि १ लाख ६० हजार रोख दिले. ओटा अर्धवट आहे, ट्रॉल्या आल्याच नाहीत आणि नव्या बाथरूमचं पाणी खालच्यांच्या छतातून ठिबकतंय. कंत्राटदार म्हणतो, आणखी १ लाख द्या, मगच येतो. पोलिसात जाऊ का? दुसऱ्याकडून काम करून घेतलं तर आमचा हक्क जाईल का?

उत्तर : ताई, तो १ लाख आत्ता देऊ नका. झालेल्या कामापेक्षा जास्त पैसे त्याच्याकडे आधीच गेलेले दिसतात.

हक्क जाणार नाही, पण काम कोणत्या क्रमाने करता याला फार महत्त्व आहे. गळती आणि ओटा या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. गळती थांबवायला कुणाची वाट पाहू नका. बाथरूममधली गळती सोसायटीच्या सभासदाने स्वखर्चाने थांबवायची असते, त्यामुळे खालचे शेजारी तुम्हालाच विचारणार. शिवाय करार कायद्याच्या कलम ७३ नुसार नुकसानभरपाई ठरवताना, तुम्ही नुकसान वाढू न देण्यासाठी काय केलं हेही पाहिलं जातं. मात्र टाइल्स फोडण्याआधी स्थापत्य अभियंत्याला बोलवा. नाहणीच्या ट्रॅपभोवतीची फट, वॉटरप्रूफिंग न करता घातलेला कोबा, खालच्या छतावरचे ओले डाग, सगळ्याचे तारखेसह फोटो आणि त्याचा सहीशिक्क्याचा अहवाल घ्या. एकदा फोडलं की पुरावा डेब्रिजच्या गोणीत जातो. अशी प्रकरणं बहुतेक इथेच लंगडी पडतात, म्हणून इतकं आग्रहाने सांगतेय.

ओटा आणि ट्रॉल्यांचं काम मात्र थोडं थांबवा. करार मोडल्यावर काय मागता येतं ते सांगणाऱ्या विशिष्ट अनुतोष अधिनियमात (स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्ट) २०१८ साली दुरुस्ती झाली. तिच्यानुसार समोरच्याने करार मोडला तर तेच काम दुसऱ्याकडून करून घेऊन त्याचा प्रत्यक्ष खर्च त्याच्याकडून वसूल करता येतो. अट एकच, आधी किमान ३० दिवसांची लेखी नोटीस द्यायची. उरलेली कामं एकेक करून लिहा आणि स्पीड पोस्टने पाठवून पोहोच जपा. नोटीस त्याच्या फर्मच्या आणि त्याच्या स्वतःच्या, अशा दोन्ही नावांनी काढा. मुदत संपली की नवा माणूस लावा, पण बिल घेऊन, बँकेतून पैसे देऊन.

करारपत्र नाही म्हणून धीर सोडू नका. कोटेशन, त्यावरचा तुमचा होकार आणि दिलेले पैसे यांतून करार सिद्ध होतो. रोख रक्कम तो नाकारील. त्या दिवशी बँकेतून काढल्याची नोंद आणि ‘मिळाले’ असा एखादा मेसेज शोधा. चॅट पुसू नका, फोन बदलू नका. चॅटसारख्या इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र सोबत जोडलेलं बरं.

पोलिसांत फसवणुकीचा गुन्हा टिकायला, पैसे घेतानाच बुडवायचा हेतू होता हे दिसावं लागतं. इथे माणसं आली, काम झालं, म्हणून ‘दिवाणी बाब आहे’ असंच उत्तर मिळण्याची शक्यता जास्त. तुमची खरी जागा जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही नाशिकला राहता, म्हणून तक्रार नाशिकलाच करता येते, कंत्राटदाराचं ऑफिस कुठेही असो. दिलेली रक्कम ५ ते १० लाखांच्या दरम्यान असल्याने शुल्क फक्त २०० रुपये. वकील लावलाच पाहिजे असं नाही. जादा गेलेली रक्कम, दुरुस्तीचा खर्च, या काळात दुसरीकडे भाड्याने राहावं लागलं असेल तर ते भाडं, मनस्तापाची भरपाई, सगळं मागा. मुदत दोन वर्षांची आहे, पण आयोगाच्या तारखा लांबतात, म्हणून नोटिशीची मुदत संपली की लगेच दाखल करा.

आणखी एक. घराची चावी त्याच्याकडे असेल तर ती नोटिशीतच परत मागा, आणि तोवर कुलूप बदलून घ्या. त्याचा कटर, ड्रिल घरात पडलं असेल तर विकू नका, अडवूनही ठेवू नका. दोन शेजाऱ्यांसमोर यादी करा, त्यांच्या सह्या घ्या आणि ‘अमुक तारखेला येऊन सामान घेऊन जा’ असं त्याच नोटिशीत लिहा.