चौकात बसायचं कुठे?

न्यूरेंबर्ग

चि. छकुली हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप काल कामावरून आल्यावर ऐकला. "बाबा, आजोबा म्हणाले चल चौकात जाऊन येऊ. गेलो तर तिथं चौकच नाही! मधे पुतळा आणि भोवती नुसत्या रिक्षा. मग बेळगावातली माणसं बसतात कुठे?" आजोबांना हे चांगलंच झोंबलं असणार. धर्मवीर संभाजी चौक, म्हणजे त्यांची बोगारवेस. त्यांच्या लेखी सगळं जग तिथून सुरू होतं. राणी चन्नम्मा सर्कलला नेलं असतं तरी तू हेच म्हणाली असतीस.

पण तुझं चुकलं नाही. तू इथे वाढलीस. तुला चौक म्हटलं की आपला हाउप्टमार्क्ट आठवणार: फरसबंद मोकळी जागा, भाजी-फुलांच्या टपऱ्या, एका बाजूला फ्राउएनकिर्शे हे चर्च, आणि दुपारी बाराला त्याच्या घड्याळातून निघून सम्राटाला प्रदक्षिणा घालणारे, त्याला निवडून देणारे ते सात मानकरी. बेळगावच्या जुन्या पेठांत तसलं काही शोधू नकोस. मिळणार नाही.

पुष्कळ जण याचं खापर हवेवर फोडतात. आपल्याकडे चार महिने पाऊस, मग उन्हाळा, उघड्यावर कोण बसणार? मला हे पटत नाही. इथे डिसेंबरात नाक-कान गारठतात, तरी ख्रिसमसच्या बाजारात मुंगीला शिरायला वाव नसतो. आशियात चौक बांधतच नाहीत असंही नाही. इराणात शाह अब्बासनं इस्फहानला नक्श-ए-जहाँ नावाचा चौक बांधून घेतला, जवळजवळ 560 मीटर लांब आणि 160 मीटर रुंद. तिथे घोड्यावरून पोलो खेळत. गोलचे दगडी खांब अजून उभे आहेत.

खरी गोष्ट अशी, की एवढी जागा आपोआप मोकळी राहत नाही. कुणीतरी ती मुद्दाम मोकळी ठेवावी लागते. जर्मनीतल्या जुन्या शहरांत बाजार भरवायचा हक्क राजाकडून नाहीतर सरदाराकडून मिळवावा लागे. हक्क मिळाला की वजन-मापं तपासायची, जकात घ्यायची, भांडणं मिटवायची. बाजार एका ठिकाणी, नजरेसमोर असला की हे सगळं सोपं जातं. म्हणून तटाच्या आत जागेची एवढी ओढाताण असूनही तेवढ्या तुकड्यावर घर बांधू द्यायचे नाहीत. स्पेनच्या दुसऱ्या फिलिपनं तर 1573 मध्ये अमेरिकेतल्या नव्या गावांसाठी हुकूमच काढला: आधी चौक आखा, मग रस्ते. चौकाची लांबी रुंदीच्या निदान दीडपट हवी, कारण सणाला घोडे पळवायला तोच आकार बरा! रुंदी किमान 200 फूट, लांबी किमान 300. आजही मेक्सिकोपासून पेरूपर्यंतची कितीतरी गावं याच साच्यातली दिसतात.

आपला हाउप्टमार्क्ट कसा मोकळा झाला, तेही आता तुला सांगायला हरकत नाही. तिथे ज्यू लोकांची वस्ती होती. 1349 मध्ये सम्राट चौथ्या कार्लनं ती पाडायची परवानगी शहराला दिली. त्या डिसेंबरात तिथल्या 562 माणसांना मारलं आणि घरं पाडून बाजाराला जागा केली. त्यांचं प्रार्थनागृह होतं तिथेच फ्राउएनकिर्शे उभं राहिलं. घड्याळातला सम्राट हाच कार्ल. शाळेच्या सहलीत हे सांगतात की नाही, कुणास ठाऊक.

आता बेळगाव. आपल्याकडे बाजार चौकात न भरता रस्त्यावरच लांबत गेला. खडेबाजार बघ, गणपत गल्ली बघ, रविवार पेठ बघ. खाली दुकान, मागे नाहीतर वर घर, पुढे कट्टा, आणि गिऱ्हाईक रस्त्यात उभं. पेठेला रुंदी लागत नाही, लांबी लागते. इथे जर्मनीत एका चौकात जी चार कामं होतात, ती आपण चार ठिकाणी वाटून दिली. सरकारी काम चावडीत. गप्पा मारुतीच्या देवळापुढच्या पारावर. बायकांच्या खबरबाती पाणवठ्यावर. आणि उरलेलं सगळं ज्याच्या त्याच्या दारातल्या कट्ट्यावर.

तो कट्टा उद्या सकाळी नीट बघ. दोन्ही बाजूंना दगडी बैठक, वर कौलांची वळचण, म्हणजे पाऊस असला तरी चालतो. आजोबांचे दोस्त आठच्या सुमारास जमतात. पेपर एकच असतो. पहिलं पान एकाकडे, खेळाचं दुसऱ्याकडे, आणि निधन वार्ता मोठ्यानं वाचून दाखवायचा मान सगळ्यांत म्हाताऱ्याचा. कुणी रस्त्यानं चाललं की "काय, कुठं?" विचारल्याशिवाय सोडत नाहीत. हाउप्टमार्क्टमध्ये तू दोन तास बसलीस तरी तुला कुणी हाक मारणार नाही. कधी कधी तेही बरं वाटतं, हे मी कबूल करतो.

आपल्याकडे मोठी जागा लागतच नाही असं मात्र समजू नकोस. लागते, पण कामापुरती. आसपासच्या खेड्यांत लक्ष्मीची यात्रा काही काही वर्षांनी येते. देवी रथात बसते, रथ गल्लीगल्लीतून ओढत नेतात, भंडाऱ्यानं रस्ता पिवळा होतो. रथ जायला हवा म्हणून वाटेतल्या विजेच्या तारा सोडवतात, पुढे आलेले पत्रे काढतात. एरवी वीतभर जागेवरून कोर्टात जाणारी भावकी तेव्हा मुकाट्यानं पायरी मागे घेते! मग देवी गदगेवर, म्हणजे यात्रेपुरत्या मांडलेल्या तिच्या आसनावर, बसली की यात्रा संपेपर्यंत त्या जागेला गावाच्या चौकाचं रूप येतं. शहरात शिवजयंतीचे चित्ररथ रात्रभर चालतात, तेव्हा दुकानांच्या पायऱ्यांवर सतरंज्या पडतात आणि रस्त्याचं नाट्यगृह होतं. आणि आता गणपती येतील, तेव्हा तू स्वतःच बघशील. आपल्या गल्लीत खड्डे खणतील, बांबू रोवतील, वर पत्रे चढतील, आणि काल जिथून टेम्पो जात होता तिथे खुर्च्या मांडून म्हातारी माणसं आरतीची वाट बघत बसतील.

म्हणून आपलं ते सगळं छान, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पारावर कोण बसणार हे जातीवर ठरत होतं. गावकुसाबाहेरच्या माणसाला तिथे उभं राहायचीही चोरी होती. बायकांचं म्हणशील तर आजीला विचार, ती माहेरच्या गावात पारावर कधी बसली होती का. कट्ट्यावर आजही पुरुषच दिसतील. बायका बसतात त्या दुपारी, निवडायला तांदूळ घेऊन, म्हणजे कामाचं निमित्त लागतंच. सगळ्यांसाठी सारखी आणि कायमची मोकळी अशी जागा गावाच्या मधोमध नाही, यामागे हेही एक कारण असावं असं मला वाटतं. बागांनी ही उणीव थोडी भरून काढलीय. शहापूरच्या बाजूला शिवाजी उद्यान आहे, संध्याकाळी आजीलाच घेऊन जा, आजोबांना राहू दे.

आणि एक काम. मंडपवाले आले की आजोबांची स्कूटर हलवायला सांगतील आणि ते किल्ली सापडत नाही म्हणून अर्धा तास घालवतील. किल्ली देवघराच्या फळीवर, कुंकवाच्या डबीमागे असते. त्यांना न सांगता सरळ मंडळाच्या पोरांना नेऊन दे.

तुझा,
बाबा