टाच, पोटरी, नडगी आणि बूट : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सकाळी पलंगावरून उतरल्यावर पहिली आठ-दहा पावलं टाच टेकवत नाही. धावायला लागलं की दुखणं विरतं, पण घरी येऊन बसून उठलं की पुन्हा ठणका. चार महिने झाले. जाड, मऊ सोलचे महागडे बूट घेतले तरी फरक नाही. आता कोणते घ्यावेत?

आता बूट घेऊ नका. वर्णन तळव्याच्या पडद्याच्या दुखण्याशी जुळतं. हा पट्टा, म्हणजे प्लांटार फॅसिया, टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत जातो. त्याच्यावरचा ताण जमिनीच्या धक्क्यापेक्षा जास्त येतो तो पोटरीच्या ओढीने आणि पाऊल उचलताना बोटं वर दुमडल्याने. मऊ सोल टाचेखालचा दाब कमी करतो, ही ओढ नाही. शिवाय बूट नवे म्हणून आपण अंतर पूर्वीइतकंच ठेवतो, तिथेच घोळ होतो.

कामाला येतो तो व्यायाम असा. पायरीच्या कडेवर चवडे ठेवून उभे राहा. टॉवेलची घट्ट गुंडाळी बोटांखाली घाला, म्हणजे बोटं वर वळलेली राहतील. आधाराला कठडा धरा आणि दुखऱ्या एका पायावर 3 सेकंदांत टाच वर न्या, 2 सेकंद थांबा, 3 सेकंदांत खाली आणा. कशाबशा 12 वेळा जमतील इतका भार हवा. असे 3 संच, एक दिवसाआड. एका पायाने जमत नसेल तर सुरुवातीला दोन्ही पायांनी करा. दोन आठवड्यांनी पाठीवरच्या पिशवीत पुस्तकं भरून भार वाढवा आणि 10 वेळांचे 4 संच करा. आणखी दोन आठवड्यांनी 8 वेळांचे 5. रोज करण्याचा मोह टाळा, मधला दिवस सावरण्यासाठीच असतो. ठळक फरक पडायला तीन महिने लागू शकतात. बहुतेक जण तिसऱ्या आठवड्यात कंटाळून सोडतात.

धावणं पूर्ण बंद करायची गरज सहसा नसते. आधी चढ आणि वेगाचे सराव काढा, मग अंतर निम्मं करा. 0 ते 10च्या मापावर दुखणं 3च्या वर जाऊ देऊ नका. दुसऱ्या दिवशीची पहिली पावलं हा खरा निकाल : ती कालपेक्षा वाईट असतील तर आदल्या दिवशी जास्त झालं. घरात कडक फरशीवर अनवाणी चालणं तूर्त बंद ठेवा.

आहेत तेच बूट एकदा तपासा. टाच आणि पुढचं टोक धरून वाकवा. बूट चवड्याशी दुमडला तर ठीक. मधोमध दुमडत असेल किंवा ओल्या कपड्यासारखा पिळता येत असेल, तर तो या दुखण्यात चालणार नाही. पुढून किंचित वर वळलेला, चवड्याशी कडक सोल बोटांचं दुमडणं कमी करतो, म्हणून काही जणांना त्यात आराम वाटतो.

एक सावधगिरी. टाच दोन्ही बाजूंनी तळहातांत दाबल्यावर जोरात कळ आली तर हाडाला बारीक तडा असू शकतो. मुंग्या किंवा जळजळ होत असेल तर मज्जातंतूचा त्रास असू शकतो. दोन्हींत हा व्यायाम नको, आधी डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : 10 मिलिमीटर ड्रॉपच्या बुटांवरून एकदम शून्य ड्रॉपवर आलो. तीन आठवड्यांत टाचेच्या वरची जाड दोरी सकाळी ताठरते. बूट वाईट आहेत का?

बूट वाईट नाहीत, बदल फार जलद झाला. ड्रॉप म्हणजे टाचेखालच्या आणि चवड्याखालच्या सोलच्या जाडीतला फरक. तो कमी झाला की पोटरी आणि अ‍ॅकिलिस कंडरेवरचं, म्हणजे टाचेच्या वरच्या त्या जाड दोरीवरचं, काम वाढतं; जास्त ड्रॉपमध्ये ओझं गुडघ्याकडे सरकतं. बुटांनी भार नाहीसा होत नाही, फक्त जागा बदलतो. म्हणूनच गुडघेदुखीवाल्या मित्राला मानवलेला बूट तुम्हाला मानवेल असं नाही.

जुन्या बुटांकडे परत जा. पुढे पुन्हा प्रयत्न करायचा तर आठवड्यातली एकच धाव, तीही 10 मिनिटांची, नव्या बुटांत करा आणि हे प्रमाण सहा-आठ आठवड्यांत सावकाश वाढवा.

कंडरा चिमटीत धरून दुखरी जागा शोधा. ती टाचेच्या हाडापासून 2 ते 6 सेंटिमीटर वर असेल, तर पायरीवर टाच हळूहळू खाली सोडण्याचा व्यायाम करा : गुडघा सरळ ठेवून 15 वेळांचे 3 संच, गुडघा किंचित वाकवून तेवढेच, दिवसातून दोनदा, 12 आठवडे. वर येताना चांगल्या पायाने या. जागा अगदी हाडाला चिकटून असेल, तर टाच पायरीच्या खाली नेऊ नका. कंडरा हाडावर दाबली जाते आणि दुखणं चिघळतं. व्यायाम सपाट जमिनीवरच करा. अशा वेळी बुटात दोन्ही पायांखाली 1 सेंटिमीटरची टाचपट्टी काही आठवडे ठेवलेली बरी.

सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लेव्होफ्लॉक्सासिन ही अँटिबायोटिक्स अलीकडे घेतली असतील तर डॉक्टरांना जरूर सांगा, त्यांनी कंडरेला इजा होऊ शकते. आणि ‘फट्’ आवाज होऊन चवड्यावर उभंच राहता येईना, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

प्रश्न : दुकानात ट्रेडमिलवर धावायला लावून चित्रीकरण केलं. पाय आत झुकतो, सपोर्टचे बूट हवेतच, म्हणाले. खरं का?

‘हवेतच’ हे खरं नाही. पाय थोडा आत झुकणं ही धक्का पचवण्याची नैसर्गिक क्रिया आहे. अमेरिकेच्या लष्कर, हवाई दल आणि मरीन प्रशिक्षणार्थींमध्ये तळव्याच्या आकारानुसार बूट देऊन पाहिले गेले. दुखापतींत फारसा फरक पडला नाही. दोन-तीन जोड घालून पाच मिनिटं धावा आणि पायाला सर्वांत सहज वाटेल तो घ्या.

प्रश्न : नडगीच्या आतल्या कडेला दुखतं. साधं की फ्रॅक्चर, कसं ओळखावं?

बोट फिरवून पाहा. दुखरा भाग पाच सेंटिमीटर किंवा जास्त लांब पसरलेला असेल आणि अंग गरम झाल्यावर दुखणं कमी होत असेल, तर बहुधा हाडाच्या कडेवरचा ताण आहे. एकाच बिंदूवर बोट ठेवता येत असेल, धावताना ते वाढत जात असेल, रात्री किंवा एका पायावर उडी मारताना कळ येत असेल, तर धावणं आजच थांबवा. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो, त्यावर विसंबू नका, एमआरआयबद्दल विचारा. पाळी अनियमित असेल किंवा वजन उतरत असेल तर तेही सांगा, कारण कमी खाण्याने हाडं झिजतात.

परतताना आधी 30 मिनिटं झपाझप चालणं विनातक्रार जमलं पाहिजे. मग 1 मिनिट धाव, 2 मिनिटं चाल, असे आठ फेरे, एक दिवसाआड. पुढच्या वेळी अंतर किंवा वेग, दोन्हींतलं एकच वाढवा. पावलं थोडी लहान करून मिनिटाला पडणाऱ्या पावलांची संख्या 5 ते 10 टक्क्यांनी वाढवली तर नडगी आणि गुडघ्यावरचा भार घटतो.

प्रश्न : बूट कधी बदलायचे, आणि माप कसं घ्यायचं?

साधारण 500 ते 800 किलोमीटरनंतर. जड धावपटूंनी आधी. तळाची नक्षी शाबूत दिसली तरी मधला फोम बसलेला असतो. जोड टेबलावर ठेवून मागून पाहा : एका बाजूला कललेला असेल तर निवृत्त करा. वॉशिंग मशीन आणि कडक ऊन दोन्ही टाळा, गोंद सुटतो.

माप संध्याकाळी, पाय सुजलेले असताना, धावण्याचे मोजे घालून घ्या. सर्वांत लांब बोटापुढे, मग ते अंगठ्याशेजारचं का असेना, अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. नखं काळी पडतात ती बहुधा इथेच कमी पडल्याने. टाच आत सरकत असेल तर लहान माप घेऊ नका. घोट्याजवळच्या शेवटच्या जादा भोकातून दोन्ही बाजूंना लेसचा छोटा फास करा, समोरच्या बाजूची लेस त्यातून ओढून घ्या आणि मग गाठ मारा.