चावी घेण्याआधी करार: पुण्यात खोली शोधणाऱ्या विद्यार्थ्यांचे प्रश्न

प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या की भाडेकराराबद्दलचे प्रश्न येऊ लागतात. बहुतेकांचा सूर एकच असतो: पैसे तर देऊन बसलो, आता काय करू? वसतिगृहाच्या यादीत नाव लागत नाही, कॉलेज आठवड्यावर येते आणि मिळेल ती जागा घेतली जाते, ही अडचण मला कळते. तरीही खालच्यापैकी बरेच प्रश्न पैसे देण्याआधी विचारले असते, तर त्यांची उत्तरे एकेका ओळीत संपली असती. एक गोष्ट आधीच सांगतो. इथली माहिती सर्वसाधारण आहे. तुमचा कागद वाचल्याशिवाय तुमच्या प्रकरणाबद्दल ठाम मत कोणी देत असेल, तर त्यावर विसंबू नका.

माझे वय १७ आहे. भाडेकरारावर मी सही केली तर चालेल का? (विद्यार्थी, लातूर)

नाही. करार आई किंवा वडिलांच्या नावाने करा आणि प्रत्यक्ष राहणारी व्यक्ती म्हणून त्यात तुमचे नाव लिहून घ्या.

पोलिस व्हेरिफिकेशन कोणी करायचे, मी की मालकाने? (विद्यार्थी, सोलापूर)

मालकाने. पुणे पोलिसांच्या संकेतस्थळावरून ते होते. पोच मागून घ्या आणि जपून ठेवा.

ऑनलाइन जाहिरातीत कर्वेनगरचा वन बीएचके दिसला, भाडे फक्त ९,०००. मालक म्हणतात, मी सैन्यात आहे, बदली झाली आहे. फ्लॅट पाहायला सोसायटीचा गेटपास लागतो, त्याचे २,५०० आधी पाठवा, नंतर परत मिळतील. पाठवू का? (विद्यार्थी, जळगाव)

पाठवू नका. फ्लॅट पाहण्याचे पैसे घेणारी सोसायटी पुण्यात नाही. गणवेशातला फोटो आणि ओळखपत्र व्हॉट्सॲपवर पाठवून विश्वास मिळवायचा, ही फसवणूक आता जुनी झाली, तरी दर जून-जुलैत नवी मुले तिला बळी पडतात. पुढची पायरीही ठरलेली असते. पैसे परत करतो म्हणून क्यूआर कोड येतो आणि पिन टाकायला सांगितले जाते. यूपीआयमध्ये पैसे घेताना पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे तुमच्याच खात्यातून जातात. गेलेच तर त्याच क्षणी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा. दोन दिवस मित्रांना विचारत बसलात, तर तोवर रक्कम चार खाती पुढे गेलेली असते. गावाहून येणे जमत नसेल तर पुण्यातल्या कोणा नातेवाइकाला पाठवून जागा बघा. न पाहिलेल्या जागेचे टोकन देऊ नका.

मालक म्हणतात, अकरा महिन्यांच्या कराराला रजिस्ट्रेशन लागत नाही, ५०० च्या स्टँपपेपरवर नोटरी करू. एजंटही तेच सांगतो. सदाशिव पेठेत राहणाऱ्या माझ्या मैत्रिणींचेही नोटरीच आहे. मग हरकत काय? (विद्यार्थिनी, परभणी)

हरकत आहे आणि मोठी आहे. मला सर्वाधिक वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून सविस्तर लिहितो.

एक वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला नोंदणी लागत नाही, ही समजूत केंद्राच्या १९०८ च्या नोंदणी कायद्यावरून आली. महाराष्ट्रात मात्र महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आहे आणि त्याचे कलम ५५ स्पष्ट सांगते: करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. मुदत अकरा महिने असो की तीन, कलमात सूट नाही. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. त्याने ती केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तेव्हा ‘लागत नाही’ म्हणणारा मालक तुमची नाही, स्वतःची सोय पाहतो आहे.

नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. नोंदणी होते ती दुय्यम निबंधकाकडे. आता ती ऑनलाइन असल्यामुळे कचेरीत जावेही लागत नाही. एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचे यंत्र घेऊन घरी येतो, मालक, तुम्ही आणि दोन साक्षीदार आधारवर अंगठे देता, कॅमेऱ्यात फोटो निघतो. इथे बरेच जण फसतात: अंगठा दिला म्हणजे नोंदणी झाली, असे नाही. दुय्यम निबंधकांनी दस्त तपासून मंजूर करावा लागतो, तेव्हा इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी झाल्याचा उतारा, येतो. चूक निघाली तर दस्त परत फिरतो आणि एजंट तुम्हाला ते कळवेलच असे नाही. दस्त क्रमांक असलेला इंडेक्स टू आणि पूर्ण कराराची पीडीएफ हाती आल्याशिवाय काम झाले असे समजू नका.

खर्च फार येतो म्हणून टाळतो, असेही सांगितले जाते. हिशेब करून पाहा. २४,००० भाडे, ७५,००० डिपॉझिट, अकरा महिने. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के, ते एकूण भाडे आणि डिपॉझिटवर धरलेले दहा टक्के वार्षिक व्याज यांच्या बेरजेवर लागते. म्हणजे सातशेच्या आसपास. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. एजंटची फी वेगळी, ती आधी ठरवा. तिघी मिळून राहत असाल तर एकीच्या वाट्याला मेसच्या काही दिवसांच्या डब्यांएवढा खर्च येतो आणि त्यासाठी ७५,००० रुपये धोक्यात घालायचे?

‘नोंदणी नसेल तर भाडेकरूचेच म्हणणे खरे धरतात, मग आपलाच फायदा’ हेही ऐकू येते. कलमात तशी तरतूद आहे, पण मालकाला उलट पुरावा देता येतो. शिवाय हा फायदा मिळवायला आधी कोर्टात जावे लागते. परीक्षेच्या तोंडावर कोणता विद्यार्थी कोर्टात जाणार आहे?

एक करार माझ्या टेबलावर आला होता, तो सांगतो. ५०० चा स्टँपपेपर, शेवटच्या पानावर नोटरीचा लाल शिक्का, वर मालकाचे नाव आणि खाली ‘तर्फे’ लिहून दुसऱ्याच माणसाची सही. त्या माणसाकडे मुखत्यारपत्र नव्हते. तो त्या फ्लॅटचा आधीचा भाडेकरू होता. मुलींनी डिपॉझिट त्याच्या खात्यावर भरले होते. खरे मालक नाशिकला होते. त्यांना या मुली आपल्या घरात राहतात हेच ठाऊक नव्हते. नोंदणीसाठी मालकाच्या आधारवर अंगठा मागितला असता, तर गोष्ट तिथेच उघडी पडली असती.

म्हणून क्रम असा ठेवा: मालकाचे वीजबिल आणि मिळकत कराची पावती पाहा, दोन्हींवरचे नाव त्याच्या आधारशी जुळवा, कराराचा मसुदा आधी मागवून घरी शांतपणे वाचा, मग अंगठा. डिपॉझिट मालकाच्याच खात्यावर द्या. मसुदा एखाद्या वकिलाला दाखवा. इंग्रजीत आहे म्हणून न वाचता सही करू नका.

नव्या कायद्यानुसार दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही असा मेसेज आला आहे. आमचे मालक तीन महिन्यांचे मागतात. तक्रार कुठे करू? (पालक, चंद्रपूर)

करता येणार नाही. केंद्राने २०२१ मध्ये आदर्श घरभाडे कायदा मंजूर करून राज्यांकडे पाठवला, त्यात निवासी जागेसाठी दोन महिन्यांची मर्यादा आहे. तो स्वीकारायचा की नाही, हे राज्ये ठरवतात. महाराष्ट्रात १९९९ चाच कायदा चालतो आणि लीव्ह अँड लायसन्सच्या (ठरावीक मुदतीसाठी राहण्याची परवानगी देणाऱ्या कराराच्या) डिपॉझिटवर त्यात अशी मर्यादा नाही. घासाघीस करा. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका.

विमाननगरच्या पीजीवाल्यांनी महिना १४,००० वर जीएसटी लावला आहे. मी वर्षभर राहणार आहे. द्यावा लागेल का? (विद्यार्थी, नांदेड)

बहुधा नाही. जुलै २०२४ पासून, माणशी महिना २०,००० रुपयांपर्यंतच्या आणि सलग किमान ९० दिवसांच्या निवासाला जीएसटी माफ आहे. जीएसटी क्रमांक छापलेले बिल मागा. अनेक ठिकाणी बिल मागितल्याबरोबर कर नाहीसा होतो, कारण तो सरकारकडे भरलाच जात नसतो. जेवण किंवा धुलाई वेगळी आकारत असतील तर हिशेब बदलू शकतो. बिल एखाद्या सीएला दाखवून घ्या.

धनकवडीत आम्ही चौघे राहतो. करार माझ्या एकट्याच्या नावावर आहे. एकाला दुसऱ्या कॉलेजात प्रवेश मिळाला, तो तिसऱ्या महिन्यातच निघाला. लॉक-इन (ज्याआधी जागा सोडता येत नाही तो काळ) सहा महिन्यांचा आहे. त्याचा वाटा कोणी द्यायचा? (विद्यार्थी, सांगली)

मालकाला तुम्ही, कारण सही तुमची आहे. मित्राकडून वसूल करणे हा तुमचा आणि त्याचा व्यवहार. त्याला आजच लेखी मेसेज करून रक्कम कबूल करून घ्या. बदली मुलगा आणायचा असेल तर मालकाची लेखी संमती घ्या, नाहीतर करार मोडल्याचा ठपका तुमच्यावरच येईल. पुढच्या वेळी चौघांचीही नावे करारात घाला. आणि लॉक-इन दोन्ही बाजूंना लागू आहे की फक्त तुम्हाला, हे त्या कलमात वाचा. कित्येक छापील मसुद्यांत मालक एक महिन्याच्या नोटिशीवर केव्हाही काढू शकतो आणि विद्यार्थी मात्र सहा महिने अडकलेला असतो.

वसतिगृह मिळाले नाही म्हणून स्वाधार योजनेचा अर्ज भरायचा आहे. भाडेकरार लागतो का? मालक करार द्यायला तयार नाहीत. (विद्यार्थिनी, बीड)

बाहेर भाड्याने राहता हे दाखवावे लागते, त्यामुळे कागद हवाच. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीच्या या योजनेत पुण्यात वर्षाला ६०,००० रुपये मिळतात: ३२,००० भोजन, २०,००० निवास, ८,००० निर्वाह भत्ता. कोणता करार आणि कोणते शपथपत्र चालते, हे समाजकल्याणच्या सहायक आयुक्त कार्यालयात विचारा. सायबर कॅफेवाल्याच्या सांगण्यावर जाऊ नका. अर्जाची मुदत चुकवू नका. इतर मागास आणि भटक्या-विमुक्त प्रवर्गांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना. करार न देणाऱ्या मालकाकडे राहून तुम्ही हक्काच्या रकमेवर पाणी सोडता आहात, हे खोली ठरवतानाच लक्षात घ्या.

सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात, बॅचलर चालणार नाहीत. मालक तयार आहेत. काय करावे? (विद्यार्थी, रत्नागिरी)

फ्लॅट मालकाचा आहे, तेव्हा सोसायटीशी पत्रव्यवहार त्यांना करू द्या. भाडेकरू ठेवला म्हणून सोसायटी मालकाकडून सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत बिनभोगवटा शुल्क घेऊ शकते, त्याहून जास्त नाही. तो बोजा तुमच्यावर टाकू देऊ नका. सोसायटीचे लेखी उत्तर येईपर्यंत सामान हलवू नका. कायदा तुमच्या बाजूने असला, तरी रोज गेटवर हुज्जत घालत अभ्यास होत नाही.

खोली सोडून दीड महिना झाला. ४०,००० डिपॉझिटमधून मालकांनी रंगकामाचे २२,००० कापले. खिळ्याची चार भोके होती, तेवढीच. (विद्यार्थी, अमरावती)

आधी करार उघडा. रंगकामाची रक्कम त्यात लिहिलेली असेल तर वाद अवघड आहे. नसेल तर नेहमीच्या वापराने मळलेल्या भिंतीचा खर्च तुमच्या माथी मारता येत नाही. मालकाकडे रंगाऱ्याचे बिल मागा आणि शिल्लक रक्कम पंधरा दिवसांत द्यावी असे स्पीड पोस्टाने व ईमेलने कळवा. नुसत्या फोनांनी काही होत नाही, दीड महिना त्यातच गेला. त्यानंतरही दिले नाहीत तर वकिलाची नोटीस. बाकीच्यांनी एक करावे: राहायला जाल त्या दिवशी सामान आत नेण्यापूर्वी प्रत्येक भिंत, नळ, फ्लश, ओटा आणि वीजमीटरचा आकडा व्हिडिओत घ्या आणि तो त्याच दिवशी मालकाला पाठवा. सोडतानाही तेच. दोन व्हिडिओ समोर असले की रंगकामाची रक्कम आपोआप खाली येते.

मुलगी नारायण पेठेत एका वाड्यात कॉट बेसिसवर राहते. मालकीणबाई खालीच राहतात, स्वभावाने चांगल्या आहेत. करार नाही, भाडे रोख, पावती नाही. रात्री दहाला जिन्याच्या जाळीच्या दाराला कुलूप लावून चावी त्या स्वतःकडे ठेवतात. काळजी करावी का? (आई, चिपळूण)

चावीची काळजी आजच करा. जुन्या लाकडी वाड्यात रात्री आग लागली, तर कुलूप उघडायला मालकीणबाई जाग्या होईपर्यंत मुली वर अडकतील. एक चावी मुलींच्या खोलीत राहिली पाहिजे, आणि ही अट मान्य नसेल तर जागा बदला. या एका बाबतीत मी सल्लामसलतीची वाट पाहायला सांगणार नाही.

कराराचे म्हणाल, तर मालक त्याच घरात राहून एखादा भाग देतो तेव्हा कायदा राहणाऱ्याला पेइंग गेस्ट मानतो आणि त्याचे नियम लीव्ह अँड लायसन्सहून वेगळे आहेत. तरी भाडे, डिपॉझिट, नोटिशीची मुदत आणि परतफेडीची तारीख एका कागदावर दोघींच्या सहीने लिहून घ्या. स्वभाव चांगला असेल तर सही करायला अडचण येऊ नये. भाडे यूपीआयने द्या आणि शेऱ्यात महिना लिहा, म्हणजे पावतीचा प्रश्न मिटेल. मुलीची माहिती पोलिसांकडे दिली आहे का, तेही विचारा.

पुढे डिपॉझिटवरून वाद झालाच, तर वकिलाचा खर्च परवडत नाही म्हणून गप्प बसू नका. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते. शिवाजीनगर न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे. मुलगी एकटीही जाऊ शकते. जाताना पैसे दिल्याचे स्क्रीनशॉट, मालकीणबाईंशी झालेले मेसेज आणि खोलीचे फोटो सोबत न्यावेत.