अबोल मुलीला मॅनेजमेंट जमेल का?

बारावीनंतर काय शिकायचं, हे ठरवायला मी मुलांना मदत करते. निकालानंतर पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो : "आमचं मूल फारसं बोलत नाही, त्याला बीबीए, म्हणजे मॅनेजमेंटची पदवी, झेपेल का?" मॅनेजमेंट म्हणजे फडाफडा बोलणं, ही समजूत घरोघरी पक्की बसली आहे. तिच्यापायी चांगली मुलं या विषयाकडे वळतच नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून ही एका मुलीची हकिकत. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वडील नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत सुपरवायझर. मुलगी कॉमर्सची, मार्क चांगले. तिला बीबीए करून एचआरमध्ये, म्हणजे कंपनीतल्या माणसांची भरती आणि त्यांचे प्रश्न पाहणाऱ्या विभागात, जायचं होतं. "मॅडम, घरी पाहुणे आले की ही आतल्या खोलीत जाऊन बसते," वडील म्हणाले. "चार लोकांत तोंड उघडत नाही अन् माणसं सांभाळायला निघाली. त्यापेक्षा बीकॉम करावं, बँकेच्या परीक्षा द्याव्या."

हे डोक्यात आलं कुठून, एवढंच मी तिला विचारलं. बऱ्याच वेळाने ती सांगू लागली. सुट्टीत ती इतवारीत मामांच्या साड्यांच्या दुकानात बसायची. तिथे एक नवा मुलगा कामाला लागला होता. जुने दोघं गादीच्या मधोमध बसत, ओळखीचं गिऱ्हाईक सरळ त्यांच्याकडे जाई. नव्याच्या वाट्याला दाराजवळची जागा आणि नुसते भाव विचारून जाणारे लोक. कमिशन मात्र विक्रीवर. दिवाळीनंतर तो काम सोडून गेला. "मामा म्हणाले, पोट्टा कामचोर होता. मला वाटलं, त्याला गिऱ्हाईकच मिळत नव्हतं. पाळी लावली असती तर टिकला असता."

हे तिने घरी कधीच सांगितलं नव्हतं.

बीबीएत संघटनात्मक वर्तन हा विषय असतो, आणि त्याच्या मुळाशी हाच प्रश्न आहे : माणूस कामावर असा वागतो तो स्वभावामुळे, की भोवतालच्या रचनेमुळे? मी दोघांना शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्याबद्दल सांगितलं. 1931-32 मध्ये तिथे टेलिफोन यंत्रणेच्या तारा जोडणाऱ्या 14 कामगारांना एका वेगळ्या खोलीत बसवून अभ्यास झाला. गट जितकं जास्त काम करेल तितका पगार जास्त, अशी योजना होती. तरी त्यांनी दिवसाचं काम आपसात ठरवून घेतलं होतं आणि त्यापुढे कोणी जायचं नाही. जो जाई त्याच्या दंडावर बाकीचे गुद्दा मारत. जास्त काम दाखवलं तर दर कमी होतील किंवा कोणाची तरी नोकरी जाईल, ही भीती.

"आमच्याकडेही हेच," वडील पटकन म्हणाले. "कोणी जास्त माल काढला की बाकीचे म्हणतात, अबे, उद्या सगळ्यांचं टार्गेट वाढवून ठेवशील."

मला सांगायचं होतं ते याच्या पुढचं. हे सगळं कळलं कसं? त्या खोलीत एक निरीक्षक बसलेला असे. त्याने हुकूम सोडायचा नाही, वादात पडायचं नाही. पाहायचं आणि टिपून ठेवायचं. त्याच कारखान्यात 20,000 हून अधिक कामगारांच्या मुलाखतीही झाल्या. ठरावीक प्रश्न विचारून लोक मोकळे होत नाहीत, हे मुलाखतकारांच्या लवकरच लक्षात आलं आणि ते नुसतं ऐकू लागले. या विद्येचा पाया घातला तो अशा ऐकणाऱ्या माणसांनी.

वडिलांचे वडील नागपुरात टाटांच्या एम्प्रेस मिल या कापड गिरणीत होते, हे बोलण्यात आलं. 1877 मध्ये सुरू झालेल्या त्या मिलला गैरहजेरीचा मोठा त्रास होता, आणि टाटांनी नुसता दंड करण्यावर भिस्त ठेवली नाही. 1886 मध्ये तिथे पेन्शन फंड निघाला. म्हणजे माणसाला दोष देण्याआधी रचना बदलून पाहायची, हा विचार नागपूरला परका नाही.

तरीही अबोल असणं आणि माणसं नकोशी वाटणं यांत फरक आहे, आणि तो तपासल्याशिवाय मी होकार देत नाही. "अनोळखी माणसाचं गाऱ्हाणं अर्धा तास ऐकावं लागलं तर?" ती म्हणाली, "ऐकीन. माईकवर बोलायची भीती वाटते." माईकची भीती सरावाने कमी होते, आधी चौघांत, मग वर्गात. माणसांनी जीव थकतो असं ती म्हणाली असती, तर मी वडिलांच्या बाजूने उभी राहिले असते.

काही गोष्टी स्पष्ट सांगितल्या. बीबीएत हिशेब, अर्थशास्त्र, सांख्यिकी टळत नाही. एचआर हा त्यातला एक भाग. चांगल्या जागेसाठी पुढे एमबीए किंवा कामगार कल्याण घेऊन एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करावं लागतं. बीए मानसशास्त्र करूनही त्याच वाटेला लागता येतं. 2024 पासून राज्यात बीबीएसाठी सीईटी ही प्रवेश परीक्षा आहे, तेव्हा अर्जाची तारीख चुकवू नका. आणि कॉलेज निवडताना तिथल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना विचारा, इंटर्नशिपमध्ये प्रत्यक्ष कारखाना पाहायला मिळाला का, की नुसतं प्रमाणपत्र.

ती आता दुसऱ्या वर्षाला आहे. सांख्यिकी जड जाते, त्यासाठी शिकवणी लावली आहे. वर्गात प्रेझेंटेशन देताना आवाज अजून कापतो. बुटीबोरीच्या एका कारखान्यात तिला सुट्टीतली इंटर्नशिप मिळाली आहे : कोणत्या पाळीत गैरहजेरी जास्त आणि का, हे कामगारांशी बोलून लिहून काढायचं.